शुरूकसाठी पडलेलं स्वप्न

आमच्या शुरूकला लहानपणी मुशब्बकच्या दुकानासमोर उभं केलं की संध्याकाळ व्हायची. मुशब्बक म्हणजे जिलबीचीच थोरली बहीण, आमच्या दमियातची. दुकानदार विचारायचा, "साधी की तिळाची?" ही पोरगी आधी साधीकडे बघायची, मग तिळाचीकडे, मग माझ्याकडे. मागची माणसं कुरकुर करायला लागली की मी वैतागून दोन्ही घ्यायचे. घरी आल्यावर ती दोन पुड्यांसमोर बसून रडायची, कारण आधी कुठली खायची ते ठरत नव्हतं.

माझं नाव नगात. दमियातमध्ये अर्धं गाव लाकूड कापतं आणि उरलेलं अर्धं त्या लाकडावर गाद्या आणि कापड चढवतं. मी दुसऱ्या अर्ध्यातली. सोफ्याचे अभ्रे, खुर्च्यांच्या गाद्या, पडदे, सगळं शिवते. एकदा मक्केला जाऊन आले, तेव्हापासून गल्ली मला हाज्जा म्हणते आणि मी चिडले तरी कुणी उलट बोलत नाही. पहिल्या मजल्यावर मी एकटी राहते. माझ्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, उस्ता हिलाल, त्याची बायको सनिया आणि त्यांची ही एकुलती एक शुरूक. हिलाल पलंगांवर गुलाब कोरतो, म्हणून उस्ता. चाळीस वर्षं गुलाबच कोरतोय, आणि घरात काही विचारलं तर म्हणतो, "तुझ्या आईला विचार." मुलगी कुणावर गेली हे वेगळं सांगायला नको.

ती मानसशास्त्र शिकली ते काही ठरवून नाही. गुण कमी पडले, दुसरीकडे कुठे घेतलं नाही, तिथे घेतलं. चार वर्षं पुस्तकं वाचली आणि मग दोन वर्षं चुलत्याच्या दुकानात सोफे विकत बसली. विकत कसली! गिऱ्हाईक विचारायचं, "हा चांगला की तो?" ही प्रामाणिकपणे सांगायची, "दोन्ही चांगले आहेत." गिऱ्हाईक "विचार करून येतो" म्हणून जायचं ते जायचंच. चुलत्यानं हात जोडले.

पण एक गोष्ट तिच्यात होती आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मला ती खाला, म्हणजे मावशी म्हणते आणि रोज दुपारच्या नमाजानंतर माझ्याकडे यायची. माझी नजर अधू झालीय, सुईत दोरा ओवता येत नाही, ते काम तिचं. एकदा वकिलाची बायको पडद्याचं माप द्यायला आली. आल्या आल्या तिची नजर शुरूककडे गेली आणि ती बोलायला लागली. समुद्रात बुडालेल्या मुलाबद्दल बोलली, त्याच्या खोलीबद्दल बोलली, दोन तास बोलली. शुरूक हातातला दोरा सोडून बसली होती आणि मधूनमधून फक्त "मग?" म्हणत होती. बाई डोळे पुसून गेली. माप द्यायचं राहूनच गेलं. चार दिवसांनी मला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, हाज्जा, आठ महिन्यांत पहिल्यांदा झोपले.

मी हे सनियाला सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्यात काय? गप्प बसायला काय अक्कल लागते?"

मग एका शनिवारी सरकारी पत्र आलं, यादीत तिचं नाव लागलं होतं. नदीपलीकडच्या मानसिक रुग्णालयात, बायकांच्या जुन्या विभागात, मानसतज्ज्ञ म्हणून नेमणूक. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत येऊन सही करायची, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. रुग्णालयाला सरकारी नाव आहे, पण आमच्याकडे असल्या सगळ्या जागांना पिवळी हवेलीच म्हणतात. ह्या हवेलीला दहा वर्षांपूर्वी कुणीतरी निळा रंग दिला. तरी ती पिवळीच.

सनियाचा आवाज छतातून खाली आला. "उद्या कुणी मुलगी बघायला आलं तर काय सांगू? 'मुलगी कुठे असते?' 'पिवळ्या हवेलीत असते!' चहाचा घोट गिळायच्या आत उठतील ते!"

"अगं आई, मी कामाला—"

"आधी कामालाच जातात!"

"बाबा, तुम्ही सांगा ना काहीतरी."

"तुझ्या आईला विचार," हिलाल म्हणाला, आणि त्यानं रेडिओ मोठा केला.

रविवारी शुरूक कागदपत्रं घेऊन एकटीच पलीकडे गेली. संध्याकाळी आली ती वर न जाता माझ्याकडे आली. चेहरा उतरला होता. मी पुदिन्याचा चहा पुढे केला. तिनं पेल्याला दोन्ही हातांनी धरलं आणि प्यायचीच विसरली.

"बावन्न बायका आहेत, खाला," ती म्हणाली. "आणि मानसतज्ज्ञ मी एकटी. पुस्तकात एका पानावर एक माणूस असायचा. इथे बावन्न एकदम."

"आरडाओरडा करतात?"

"नाही. तेच तर! मला वाटलं होतं ओरडतील. त्या नुसत्या बसून असतात. तिथल्या मुख्य परिचारिका आहेत, मिस तहिया, एवढा मोठा किल्ल्यांचा जुडगा कमरेला. त्या मला फिरवत होत्या. एक म्हातारी उठून आली आणि तिनं माझं मनगट धरलं. जीनत नाव तिचं. म्हणाली, 'उद्या येणार?'"

"मग?" मी म्हटलं. हे तिच्याकडूनच उचललेलं.

"मिस तहिया हसून म्हणाल्या, ती सगळ्यांना विचारते, हो म्हणून टाक. तुझ्या आधी तिघी आल्या, तिघी हो म्हणाल्या. एक अकरा दिवस टिकली." शुरूकनं पेला खाली ठेवला. "मी हो नाही म्हटलं. नाही पण नाही म्हटलं. मी हात सोडवून घेतला, खाला. तिची बोटं एक एक करून सोडवली."

हे सांगताना तिला एवढी लाज वाटत होती, जणू तिनं म्हातारीच्या कानातलं ओढून पळ काढला होता. मला तिची दया आली आणि रागही आला. हात सोडवला तर सोडवला, त्यात एवढं काय! पण ती तिथेच अडकली होती. भीती वाटते ती त्या बायकांची की स्वतःची, हे तिला कळत नव्हतं. जावंसं वाटतं ते खरंच वाटतं की सोफे विकण्यापेक्षा बरं म्हणून वाटतं, तेही कळत नव्हतं. तासभर ती एकाच गोष्टीच्या दोन्ही बाजू मला समजावत राहिली. शेवटी माझंच डोकं दुखायला लागलं.

"इस्तिखारा कर," मी म्हटलं.

आमच्यात माणसाची मती अशी गुंग झाली की इस्तिखारा करतात. दोन रकात नमाज पढायची, दुआ करायची आणि अल्लाकडे कौल मागून झोपायचं. जाणकार सांगतात की त्यात स्वप्नाचा काही संबंध नाही, मनाचा कल बघायचा. पण जाणकारांचं ऐकतो कोण? गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे : पांढरं नाहीतर हिरवं दिसलं तर हो, काळं नाहीतर लाल दिसलं तर नाही.

सोमवारी सकाळी शुरूक जिन्यातच मला म्हणाली, "खाला, फ्रीज दिसला."

"काय दिसलं?"

"फ्रीज. नदीत होडी आणि होडीत फ्रीज. उभा."

"रंग?"

"पांढरा."

झालं. दुपारपर्यंत तो फ्रीज अख्ख्या इमारतीत फिरला. हिलालच्या बहिणीनं फोनवर निकाल दिला, पांढरा म्हणजे शुभ, शिवाय होडी पलीकडेच चाललेली. सनिया म्हणाली, "दार उघडं होतं की बंद?" बंद होतं. "बघा! बंद दार! आणि आत गारठा!" मग त्यावर पुन्हा वाद, की फ्रीज गार असणं ही चांगलीच गोष्ट नाही का, बिघडलेला असता तर प्रश्न होता. मी सोफ्याचे अभ्रे सोडून हे ऐकत होते आणि खरं सांगते, मलाही काही कळेनासं झालं होतं. शुरूक तर एकेकाच्या तोंडाकडे बघत मान हलवत होती, सगळ्यांचंच पटल्यासारखी.

पुन्हा इस्तिखारा करायचा ठरला. पण त्याच दुपारी तिची पाळी आली. आता पाच-सहा दिवस नमाज नाही. आणि गुरुवार तीन दिवसांवर.

मंगळवारी सनिया माझ्याकडे आली. दाराशी चपला काढून एवढ्या अदबीनं आत आली की मी ओळखलं, हिला काहीतरी हवंय.

"हाज्जा, पोरीसाठी तुम्ही करा इस्तिखारा."

"मी? तू आई आहेस. तू कर."

"माझं मन त्यात गुंतलंय, माझं चालणार नाही. तुम्ही मक्केला जाऊन आलात. तुमचं मन मोकळं." मग जरा थांबून म्हणाली, "नीट बघा हं, हाज्जा."

त्या "नीट"मध्ये सगळं आलं होतं. मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण मक्केला जाऊन आलेल्या बाईला कुणी अशी गळ घातली की तिला जरा फुशारकी वाटतेच. मला वाटली.

त्या रात्री मी नमाज पढले, मनापासून दुआ केली, पोरीचं नाव घेतलं, उजव्या कुशीवर झोपले. आणि ढाराढूर झोपले. काही म्हणजे काहीसुद्धा दिसलं नाही. मला स्वप्नं पडतच नाहीत, तरुणपणीही पडत नव्हती. नवरा वारला तेव्हा लोक विचारायचे, स्वप्नात येतो का? कसला येतो!

बुधवारी मी तोंड धुते न धुते तोच सनिया दारात. हातात फूलची, म्हणजे आमच्याकडच्या वालाच्या उसळीची, गरम वाटी, वर तेल आणि जिरं, बरोबर कांदा.

"काय दिसलं?"

तिचा चेहरा मी काय सांगू? रात्रभर झोपलेली नव्हती. आईचं भय होतं ते, त्याला मी हसणार नाही. आणि माझ्याही मनात खोट होती, तीही सांगून टाकते. शुरूक पलीकडे कामाला जायला लागली की दुपारी माझ्या सुईत दोरा कोण ओवणार? ह्या खोलीत "मग?" कोण म्हणणार? हे सगळं त्या एका क्षणात आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"नदी दिसली. काळी."

"काळी!"

एकदा कापडाला कात्री लागली की मध्येच थांबता येत नाही, तसं झालं. "काळी म्हणजे अगदी डांबर. आणि त्यात एक चप्पल तरंगत होती."

"कुणाची?"

"बाईची," मी म्हटलं. अल्ला मला माफ करो.

सनियानं वाटी खाली ठेवली, माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले आणि पळत वर गेली. फूल उत्तम झालं होतं. एका घासानंतर मी वाटी झाकून ठेवली.

दुपारी शुरूक आली. दोरा ओवायला बसली. "बरं झालं, खाला," ती म्हणाली. "सुटले." तीनदा सुई चुकली. एवढ्या वर्षांत तिची सुई चुकलेली मी पाहिली नव्हती. चौथ्यांदा ओवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चप्पल कसली होती?"

"म्हणजे?"

"रबराची की चामड्याची?"

"रबराची," मी म्हटलं, आणि अभ्र्यात डोकं घातलं.

आता सुटली होती, तरी सुटायलाही पलीकडे जावंच लागणार होतं. पदवीचं मूळ प्रमाणपत्र रविवारी तिथल्या फायलीत अडकलं होतं. ते परत हवं तर स्वतः जाऊन नकाराचा अर्ज द्यायचा. सनिया त्या फाटकाजवळ पाऊल ठेवायला तयार नव्हती, हिलालला त्या दिवशी पलंग पोचवायचे होते. म्हणून गुरुवारी सकाळी मी गेले बरोबर. होडीत ती कागदांची पिशवी मांडीवर धरून बसली. नदी अगदी स्वच्छ होती, उन्हात चमकत होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

कारकून म्हणाला, अर्जावर आधी मिस तहियांची सही आणा, त्याशिवाय फाईल निघत नाही. आणि मिस तहिया विभागात. म्हणजे पुन्हा तेच दार. एक किल्ली, दुसरी किल्ली, आणि आम्ही आत.

मी काय काय कल्पना केल्या होत्या! आत एक लांबलचक खोली होती, धुतलेली फरशी, फिनेलचा वास आणि भिंतीला लागून बसलेल्या बायका. आमच्या इमारतीच्या गच्चीवर बसतात तशाच. फक्त कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दाराजवळच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. डोक्याला स्वच्छ रुमाल, मांडीवर दोरीनं बांधलेली कापडी पिशवी. शुरूक तिला बघून माझ्या मागे सरकली, तेव्हा मी समजले, हीच जीनत.

"प्रवासाला निघालात का, बाई?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"गुरुवार ना आज," जीनत म्हणाली. "भाऊ आला तर गुरुवारी येतो."

मिस तहिया अर्ज वाचत होत्या. जाडजूड बाई, घामाघूम, नजर मात्र थकलेली. "पाच वर्षं झाली डॉक्टरांनी लिहून दिल्याला," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "बरी आहे, घरी न्या. भाऊ दर वर्षी ईदनंतर येतो. बिस्किटांचा डबा आणतो, रडतोसुद्धा. म्हणतो, हिला न्यायचं की नाही म्हणून इस्तिखारा केला. कौल 'नाही' असाच आला."

मी बाकावर बसले, जीनतच्या शेजारीच.

"काय दिसतं त्याला?" मी विचारलं.

"काळं. एका वर्षी काळा कुत्रा. एका वर्षी काळी विहीर. गेल्या वर्षी काय होतं, जीनत?"

"काळे ढग," जीनत म्हणाली. पिशवीची दोरी तिनं जरा घट्ट केली. "माझा भाऊ फार चांगला आहे हो. फक्त त्याला स्वप्नं वाईट पडतात."

हे ती भावाची बाजू घेऊन बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून मला ते सहन झालं नाही. एखाद्या दमलेल्या माणसानं बायकोचा चेहरा बघितला असेल, घरातली एक खोली आणि चार मुलं मोजली असतील, आणि तोंडातून निघून गेलं असेल : कुत्रा दिसला. मी त्याला ओळखत होते. काल सकाळी माझ्याच तोंडून तो बोलला होता.

मी उठले आणि शुरूकला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं.

"ऐक," मी म्हटलं. "मला काही दिसलं नव्हतं."

तिनं खिडकीचा गज धरला.

"नदी नाही, चप्पल नाही. मी झोपले होते. तुझ्या आईचा चेहरा बघितला आणि ठोकून दिलं. आणि तू माझ्याकडेच राहावीस असंही वाटलं मला. आता काय बोलायचं ते बोल."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. चिडायचा तिला हक्क होता. ती हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं, खाला."

"काय माहीत होतं?"

"तुम्हीच सांगितलंय मला, काका गेल्यावर कधी तुमच्या स्वप्नात आले नाहीत. तुम्हाला स्वप्न पडलं असतं तर पहिले ते आले असते. चपलेआधी."

"अगं कार्टे! मग काल का नाही बोललीस?"

"कारण मला तेच हवं होतं," ती म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरले. "कुणीतरी नाही म्हणावं. मी नाही म्हटलं असतं तर मी भित्री ठरले असते. नदी काळी निघाली तर माझा काय दोष? मी पण त्या भावासारखीच ना, खाला?"

मी तिला नाही म्हणाले नाही. खोटं बोलून एक दिवसच झाला होता.

मिस तहियांनी अर्जावर अजून सही केली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला होता. "मग आता मी काय करू?" तिनं विचारलं. अगदी त्याच आवाजात, साधी की तिळाची.

"मला विचारू नकोस!" मी ओरडलेच. दोन-चार बायकांनी माना वळवल्या. "मला विचारून काय झालं ते बघितलंस ना? मला काही माहीत नाही. तू इथे टिकशील का, माहीत नाही. तुझं लग्न होईल का, माहीत नाही. कुण्णाला काही माहीत नाही!"

माझ्या ओरडण्यानं असेल, जीनत उठली. पिशवी काखेत मारून हळूहळू चालत आली आणि तिनं शुरूकचं मनगट धरलं. पोरगी ताठ झाली. मी तिच्या बोटांकडे बघत होते. सोडवेल, मला वाटलं. आता सोडवेल.

"उद्या येणार?" जीनत म्हणाली.

मिस तहिया टेबलामागून म्हणाल्या, "हो म्हणून टाक गं. तिला पुरतं तेवढं."

शुरूकनं हो म्हटलं नाही. "उद्या शुक्रवार आहे," ती म्हणाली. "सुट्टी असते."

"मग?" जीनत म्हणाली.

अख्ख्या आयुष्यात त्या पोरीला तिचंच "मग?" कुणी परत केलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली, माझ्या चपलांकडे.

"शनिवारी येईन," शुरूक म्हणाली. मग घाईघाईनं, "रविवारचं मला माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही. शनिवारी येईन."

जीनतनं जरा विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं. "शनिवार जवळ आहे," ती म्हणाली, आणि मनगट सोडून स्वतःच बाकावर जाऊन बसली.

मिस तहियांनी अर्ज फाडला. रुजू होण्याच्या कागदावर सही करताना शुरूकनं तारीख चुकीची घातली, कारकुनानं तोंड वेंगाडून नवा कागद दिला, तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती. होडीत बसल्यावर ती म्हणाली, "खाला, मी चूक तर नाही ना केली?" मी म्हटलं, पुन्हा विचारलंस तर नदीत ढकलीन.

सनियाला मी जिन्यातच सगळं सांगितलं, एका दमात, तिनं तोंड उघडायच्या आत. तिनं ऐकून घेतलं. मग फक्त एवढंच म्हणाली, "मी तुमचे हात डोळ्यांना लावले होते, हाज्जा." आणि दार लावून घेतलं. त्यानंतर महिनाभर फूलची वाटी आली नाही. बरोबरच होतं तिचं.

शनिवारी सकाळी मी मशीनसमोर बसले होते. खुर्चीच्या गादीला कापड बसवत होते आणि नेहमीप्रमाणे टाचण्या ओठांत धरल्या होत्या. दार ढकलून शुरूक आली. निळा रुमाल बांधलेला, खांद्याला पिशवी. रात्रभर जागलेली दिसत होती. वरून सनियाच्या भांड्यांचा आवाज येत होता, रोजच्यापेक्षा मोठा.

"खाला," ती म्हणाली, "जाऊ का?"

माझ्या तोंडात सात-आठ टाचण्या होत्या. एका हातानं काढता आल्या असत्या. मी काढल्या नाहीत. कापड धरून बसून राहिले आणि तिच्याकडे बघितलं, आणि मला एवढं भरून आलं की टाचण्या नसत्या तर मी "थांब" म्हणाले असते, हे मला पक्कं माहीत आहे.

ती वाट बघत उभी राहिली. मग तिनं वाकून मशीनवर ठेवलेली हातशिलाईची सुई घेतली, दोरा ओवला, पहिल्या झटक्यात, आणि गेली. जिन्याच्या वळणावर पावलं थांबली. मग ती पुढे उतरायला लागली.